सोलापूरच्या उन्हात सक्युलंट : कुंड्या बदलल्या आणि नऊ गेली

मृण्मयी_जुळे | १४ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या वर्षी पुण्याहून सोलापूरला आलो. घर जुळे सोलापुरात, वरचा मजला, गच्ची आमचीच. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळे गुलाब-मोगऱ्याचे लाड परवडायचे नाहीत असं ठरवून सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणारी रोपं, मागवली. 'पाणी नको, काळजी नको' अशी जाहिरात होती. एकूण चौदा रोपं: पाच इचिव्हेरिया, तीन सेम्परव्हायव्हम (पाकिटावर ठळक अक्षरात 'हार्डी'), दोन हॉवर्थिया, दोन जेड, एक कोरफड, एक अडेनियम.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हौसेने सगळ्यांच्या कुंड्या बदलल्या. शेतातली छान काळी माती आणून चाळली, निम्मं शेणखत घातलं. ऊन फार म्हणून दया आली, रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणीही दिलं. आजचा हिशोब: नऊ गेली. इचिव्हेरियाला हात लावला तर पानं पाण्याच्या पिशव्यांसारखी लुळी होऊन हातात आली, खोड खालून काळं. कोरफड, दोन्ही जेड, अडेनियम आणि एक हॉवर्थिया एवढेच उरलेत.

कुंडी बदलायची तर कधी, कशी आणि कुठल्या मातीत? की सोलापुरात हा नादच सोडावा?

शेंगाचटणी | १४ मे, रात्री ११:१०

काळी माती, निम्मं शेणखत, रोज पाणी. ताई, तुम्ही सक्युलंट नाही, ऊस लावलात.

(दिवे घ्या, गंमत केली.)

अक्कलकोटरोड | १४ मे, रात्री ११:३१

शेंगाचटणी, लई हसलो बे.

ताई, काळी माती कुंडीत घालायचीच नाही की ओ. ती शेतात सोनं हाय, कुंडीत गाळ हाय. पाणी पडलं की फुगती, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटती आन मग तुम्ही घातलेलं पाणी कडंकडंनं खाली पळतं, मधला गोळा तसाच. आपल्याकडं फुकट मिळणारी चीज म्हणजे मुरूम. कुठंबी पाया खणायलेत तिथं ढीग असतोय. चाळून घ्यायचा. पीठ खाली पडलं ते टाकून द्यायचं, ज्वारी-हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. माझ्या कुंडीत दोन पाट्या मुरूम, एक पाटी जाड वाळू, एक पाटी कुजलेलं शेणखत. बास. बाहेरनं काही मागवलं नाही आजपर्यंत.

डेन्व्हरकर | १५ मे, सकाळी ७:०२

मूळचा सोलापुरातल्या सात रस्त्याचा, सध्या कोलोरॅडोत. 'हार्डी' या शब्दानं तुमचा घात केलाय. तो शब्द थंडीपुरता आहे हो! सेम्परव्हायव्हम मूळचं युरोपातल्या डोंगरांतलं. आमच्या अंगणात ते डिसेंबरपासून बर्फाखाली गाडलेलं असतं, आणि मार्चमध्ये बर्फ वितळला की जांभळं होऊन जसंच्या तसं बाहेर येतं. उणे वीस बघितलेलं रोप आहे ते. पण त्याला मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर ठेवणं म्हणजे पेंग्विनला तिथल्याच होम मैदानावर उभं करणं.

पाकिटावर हार्डी वाचलं की विचारायचं, कशाला हार्डी? तुमच्याकडे थंडीने काही मरत नाही.

मृण्मयी_जुळे | १५ मे, सकाळी ९:१५

हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी 'हार्डी' म्हणजे दणकट असं धरून चालले.

वनस्पतीवेडा | १५ मे, दुपारी ४:४०

डेन्व्हरकरांना अनुमोदन. थोडं शास्त्र सांगतो, निवृत्त मास्तर आहे, सवय जात नाही.

साधी झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. या रसाळ मंडळींपैकी बहुतेक जण दिवसा छिद्रं बंद ठेवतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री उघडतात, वायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा उजेडात त्याच साठ्यावर स्वयंपाक. आता हे सगळं जमायला रात्र थंड लागते. वाळवंटात दिवस भाजतो, पण रात्र गारठते. आपल्या गच्चीचा स्लॅब मे महिन्यात रात्री अकरालाही अनवाणी चालू देत नाही. म्हणजे झाडाचा रात्रीचा श्वासही नीट होत नाही. झाड वाढ थांबवून गप्प बसतं. गप्प बसलेलं झाड पाणी ओढत नाही. तुम्ही मात्र रोज घालत होतात. गरम, ओली, हवा नसलेली माती म्हणजे बुरशीला आमंत्रण.

तुमची झाडं उन्हानं नाही गेली. पाण्यानं गेली.

अवांतर: या आम्लाचा पहिला सुगावा भारतातच लागला होता. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ दक्षिणेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याने पानफुटीचं पान चावून पाहिलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं.

चिमणी७ | १५ मे, सायं. ६:२०

आत्ताच पानफुटीचं पान खाऊन पाहिलं. काही चव नाही. सकाळी परत खाते.

वनस्पतीवेडा | १५ मे, सायं. ६:२६

खाऊ नका!! पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना विषबाधा होते त्याने. उगाच सांगितलं मी.

शेंगाचटणी | १५ मे, सायं. ६:३०

मास्तरांचा वर्ग, प्रात्यक्षिकासह.

कुंडीतली_शेती | १५ मे, रात्री ९:४८

मूळ प्रश्नाकडे येते. मी विजापूर रोडला राहते, अकरा वर्षं गच्चीवर हेच उद्योग. माझ्या चुकांची यादी मृण्मयीपेक्षा लांब आहे.

रोप बाहेर काढण्याआधी आठ-दहा दिवस पाणी बंद. माती इतकी वाळू द्या की कुंडीवर टिचकी मारली तर पोकळ वाजेल. मग कुंडी आडवी धरून बाजूने थोपटायची, रोप ओढायचं नाही. बाहेर आल्यावर जी लाल चिकट मातीची ढेप मुळांना असते ना, नर्सरीतून येते ती, खरी चोर ती आहे. बहुतेक लोक ढेप तशीच नव्या मातीत बसवतात. बाहेरची माती वाळते, आतला लाल गोळा आठवडाभर ओला राहतो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं कोरडं आहे. गेल्या वर्षी एक हॉवर्थिया उपटली, तर ढेपेच्या पोटात कापडासारखी बारीक जाळी निघाली, रोपवाटिकेत लहानपणी घातलेली. मुळं त्यातच गुंडाळून बसलेली, वेणीसारखी. कात्रीने जाळी उभी कापली, ढेप बोटांनी चुरून चुरून काढली. अर्धा तास लागला. मेलेलं मूळ ओढलं की साल निसटून आत दोऱ्यासारखी तार राहते, जिवंत मूळ पांढरं आणि टणक लागतं. मेलेली सगळी छाटायची.

आता सर्वांत अवघड भाग: काही न करणं. रोप वर्तमानपत्रावर सावलीत तसंच उघडं ठेवायचं. तीन-चार दिवस, खोड जाड असेल तर आठवडा. कापलेल्या जागी खपली धरली पाहिजे. मग कोरड्या मिश्रणात लावायचं आणि पुन्हा पाच-सहा दिवस पाणी नाही. कुंडी जुनीपेक्षा बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

वेळ: आपल्याकडे दसरा ते फेब्रुवारी. अडेनियम अपवाद, त्याला गरमी आवडते, ते थंडी ओसरताना बदलावं.

अक्कलकोटरोड | १५ मे, रात्री १०:०५

अडेनियम गड्ड्याची जत्रा उठली की. आमच्याकडं तेच माप हाय. संक्रांत झाली, गड्ड्याचे पाळणे निघाले की कुंडी बदलायची, बुडाची फुगलेली गाठ दोन बोटं वर घ्यायची.

चिमणी७ | १५ मे, रात्री १०:१७

कुंडीच्या तळाशी खडे-विटांचे तुकडे घालायचे ना? निचऱ्यासाठी? आई तर तळाला चार बोटं खडी घालायची.

कुंडीतली_शेती | १५ मे, रात्री १०:३०

नाही. भोकावर खापरीचा एक तुकडा, माती वाहू नये म्हणून. बाकी खडी मातीतच मिसळा.

माळवद | १५ मे, रात्री ११:०२

हे नवीनच. आमच्या तीन पिढ्या तळाला खडी घालतात. निचरा होतोच की.

कुंडीतली_शेती | १६ मे, सकाळी ८:११

माळवदकाका, भांडी घासायचा स्पंज घ्या, पाण्यात बुडवून आडवा धरा. गळून गळून थांबला की तोच उभा करा. पुन्हा धार लागते. बारीक छिद्रांच्या तळाशी ठरावीक उंचीचं पाणी अडकून राहतंच. खाली खडी घातली तर ते पाणी खडीत उतरत नाही, खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ अडकतं. चार बोटं खडी घातली म्हणजे चार बोटं कुंडी फुकट गेली.

माळवद | १६ मे, सकाळी ९:५०

स्पंजाचा प्रयोग केला. बरोबर आहे तुमचं. सौ. विचारत होत्या, सकाळी सकाळी मोरीत काय चाललंय.

तरी पण दसऱ्यापर्यंत उरलेल्या रोपांना हात लावू नये असं माझं मत. मे महिन्यात उपटलेलं रोप जगत नाही. आणि एक बघा: आमच्या जुन्या माळवदाच्या घरी दाराच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलेली असायची. माती नाही, पाणी नाही. पानं निम्मी वाळायची, पण मधला कोंब वळून आभाळाकडे वाढत राहायचा. एका वर्षी तिला तशीच टांगलेली असताना तुरा आला होता. ज्याला दाराला टांगून फूल येतं त्याला तुमच्या रोजच्या तांब्याची काय गरज?

मृण्मयी_जुळे | १६ मे, सकाळी १०:२२

काका, हे वाचून मला माझीच लाज वाटली.

पण मग काय करू? काळ्या मातीत, शेणखतात, ओली बसलेत उरलेली पाच.

कुंडीतली_शेती | १६ मे, सकाळी १०:४०

आत्ता काढा. मुहूर्ताची गोष्ट निरोगी रोपाची असते. हे आजारपण आहे, आजारपणाला दसरा बघत नाहीत.

माळवद | १६ मे, सकाळी ११:१५

नुसतं पाणी तोडा. माती वाळेल. मुळं उघडी करून या उन्हात दुसरा धक्का देऊ नका.

नुसतावाचक | १६ मे, दुपारी १:००

दोन जेड आहेत ना? एक काढा, एक ठेवा. वाद मिटला.

मृण्मयी_जुळे | १६ मे, दुपारी १:२०

कल्पना छान आहे! जेड १ आज काढते, जेड २ काकांच्या स्वाधीन.

वनस्पतीवेडा | १६ मे, दुपारी ४:०५

तुमची जेड म्हणजे नक्की कोणती? नर्सरीत दोन वेगळ्या झाडांना जेड म्हणतात. पानं नखाएवढी गोल आणि कोवळी फांदी तांबूस असेल तर ती पोर्टुलाकारिया, आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात ती. पानं मोठी, जाड, अंगठ्याच्या पेरापेक्षा लांब असतील तर क्रॅसुला, खरी जेड. पोर्टुलाकारिया आपल्या उन्हात सहज टिकते. क्रॅसुलाला दुपारी सावली हवीच.

मृण्मयी_जुळे | १६ मे, दुपारी ४:३०

नखाएवढी, तांबूस फांदी. म्हणजे हत्तीवाली. दोन्ही तीच.

अक्कलकोटरोड | १६ मे, सायं. ७:१२

सावलीचं निघालंच हाय तर सांगतो, पन्नास टक्केवालं हिरवं शेडनेट बांधा, मार्च ते जून. आन कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. काळी प्लॅस्टिकची कुंडी तर स्लॅबवर तव्यागत तापती.

शेंगाचटणी | १६ मे, सायं. ७:२०

शेडनेट कशाला, सोलापुरात राहून चादर नाही का घरात?

अक्कलकोटरोड | १६ मे, सायं. ७:२८

आम्ही यंत्रमागवाले. चादर अंगावर घ्यायची असती, झाडावर नाही. पाप लागतंय.

चिमणी७ | १७ मे, सकाळी ८:४५

आरओचं वाया जाणारं पाणी घातलं तर चालेल? पाणी टंचाईत तेवढंच मिळतं.

कुंडीतली_शेती | १७ मे, सकाळी ९:३०

नेहमी नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या पाण्याने कुंडीला पांढरा पापुद्रा धरतो ना, तसाच प्रकार. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी त्याहून वाईट. एसीच्या नळीतून ठिबकणारं मात्र बिनधास्त वापरा, त्यात क्षार जवळपास नसतातच.

आणि पाणी कधी घालायचं हे वाराने ठरवू नका. उदबत्तीची संपलेली काडी कुंडीत खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर लागली किंवा माती चिकटली तर माघारी फिरा.

शेंगाचटणी | १७ मे, सकाळी ९:४१

थोडक्यात, माती कडक भाकरीसारखी मोडली पाहिजे.

कुंडीतली_शेती | १७ मे, सकाळी ९:४४

हसण्यावारी नेऊ नका, अगदी हेच माप आहे.

नुसतावाचक | १७ मे, दुपारी २:१०

थोडं विषयांतर, पण कुणाचा तरी डोळा वाचेल. कुंपणाचा शेर छाटताना चीक डोळ्यात उडाला होता. रात्रभर डोळा उघडता आला नाही, भिंतीला धरून बाथरूमला गेलो. शेर, थोर, साबर, ख्रिस्ताचा काटा, सगळ्यांचा पांढरा चीक वाईट. चष्मा घाला, हात साबणाने धुवा. अडेनियमचा रसही विषारी, आफ्रिकेत बाणाला लावायचे.

माळवद | १७ मे, दुपारी ३:३५

फड्या निवडुंगाला चीक नसतो, पण त्याची कुसं बोटातून आठवडाभर निघत नाहीत. लहानपणी त्याची लाल बोंडं खायला जायचो. आजी कुसं काढायला अंगावर खरबरीत गोणपाट घासायची, मग मार वेगळा.

मृण्मयी_जुळे | ८ जून, रात्री ९:०५

पहिली खबर. जेड १ काढली तेव्हा मुळं अर्धी तपकिरी. छाटली, पाच दिवस जिन्यात वर्तमानपत्रावर ठेवली. मुरूम अक्कलकोटरोड यांच्या सांगण्यावरून शेजारच्या प्लॉटवरून आणला (वॉचमन विचारत होता, एवढ्याशा मुरमात काय बांधणार). निम्मी पानं गळाली, मी रडकुंडीला आले होते. पण काल टोकाला डाळीएवढी दोन हिरवी पानं फुटलीत.

जेड २ जशीच्या तशी. माळवदकाका जिंकतायत असं दिसतंय.

माळवद | ८ जून, रात्री ९:२०

घाई नाही. मृग लागलाय. आता खरी परीक्षा.

चिमणी७ | २१ ऑगस्ट, सायं. ५:५०

धागा वर काढतेय. माझ्या हॉवर्थियाच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काय आहे?

कुंडीतली_शेती | २१ ऑगस्ट, रात्री ८:००

पिठ्या ढेकूण. कानकोरणीचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, आणि ते रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा. कुंडीतून काढून मुळांवरही बघा, तिथेही लपतात.

मृण्मयी_जुळे | २६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मंडळी, निकाल.

जेड १ वीतभर झाली, फांद्या खोक्यासारख्या चौफेर. कोरफडीला चार पिल्लं, दोन शेजारी गेली. हॉवर्थिया आहे तशी आहे, तिला बहुधा माझ्याशी बोलायचं नाही.

जेड २ सप्टेंबरच्या पावसापर्यंत ठणठणीत होती. मग परतीचा पाऊस लागून राहिला, आणि एका सकाळी बुडाशी बोट लावलं तर खोड दबलं. वरचं चांगलं होतं तेवढं कापलं, आठवडाभर वाळवलं, मुरमात खोचलं. मूळ धरलंय.

मी 'कुंडीतली_शेती जिंकल्या' असं लिहायलाच बसले होते. तेवढ्यात गेल्या आठवड्यात पहाटे लवकर उठून गच्चीवर गेले, तर सासरे पूजा आटोपून ताम्हनातलं पाणी शांतपणे जेड २ च्या कुंडीत ओतत होते. रोज. मे महिन्यापासून. 'तुळस खाली अंगणात, गुडघे दुखतात, हे झाड जवळ होतं' म्हणाले.

नुसतावाचक | २६ ऑक्टोबर, रात्री १०:३८

म्हणजे प्रयोगच रद्द!

माळवद | २६ ऑक्टोबर, रात्री १०:५५

रद्द कसा? रोज ताम्हनभर पाणी पिऊन, काळ्या मातीत चार महिने जगली. मी तर म्हणतो मीच जिंकलो.

कुंडीतली_शेती | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०१

काका, मेली ती.

माळवद | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०४

सप्टेंबरात. तोवर माझंच खरं होतं.

शेंगाचटणी | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१०

सासऱ्यांना दोष नको. तीर्थ घेऊन सद्गती मिळालेली सोलापुरातली पहिली जेड आहे ती.

मृण्मयी_जुळे | २६ ऑक्टोबर, रात्री ११:३२

त्यांच्यासाठी गच्चीवरच तुळशीची कुंडी आणली, जिन्याच्या अगदी तोंडाशी. तिच्यात मात्र काळी माती आणि शेणखत भरपूर घातलंय.

इचिव्हेरिया पुन्हा आणाव्यात का? थंडी आहे तोवर?

कुंडीतली_शेती | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

आणा, पण दोनच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्चीवर छान रंग धरतील. मार्च लागला की खाली आणून पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि पाणी जवळपास विसरा. आल्या आल्या लाल ढेप तेवढी काढा.

अक्कलकोटरोड | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

अडेनियमला आता पाणी कमी करा ताई. थंडीत पानं गाळंल, घाबरू नका. गाठ दाबून बगा, घट्ट असली की जिवंत हाय. कुंडी गड्ड्यानंतर. मुरूम लागला तर सांगा, आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी परत खणायलेत.